ईनिडमधले देव माणसांच्या हातून नेमकं काय करवून घेतात?

रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्यात पडलेल्या ट्रॉयहून निघालेला ईनियस इटलीत पोचतो, आणि त्यात देव सतत मध्ये पडतात. मग कार्थेजच्या राणीचं, डायडोचं, त्याच्यावरचं प्रेम, इटलीतला त्याचा प्रतिस्पर्धी टर्नस याचं युद्ध, ईनियसचं कार्थेज सोडणं, यांत त्या माणसांचं स्वतःचं असं काही उरतं का? की ती नुसती देवांच्या हातातली प्यादी? प्रश्न रास्त आहे. लॅटिन महाकाव्य वाचायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो पहिल्याच सर्गात पडतो.

उरतं, आणि जे उरतं तोच या काव्याचा गाभा आहे. व्हर्जिलचे देव कोऱ्या मनावर क्वचितच काम करतात. आधीपासून जिथे फट असते तिथेच ते पाचर ठोकतात. पण हे मोघम मान्य करून भागत नाही. फट कुठे होती, पाचर कोणी ठोकली, लाकूड कुठवर चिरलं, हे प्रत्येक प्रसंगात ओळी वाचूनच ठरवावं लागतं.

त्यासाठी देव मध्ये पडला की काही गोष्टी वहीत टिपाव्यात. बेत आखणारा देव कोण आणि प्रत्यक्ष येणारा कोण? ट्रोजनांवर, म्हणजे ट्रॉयच्या लोकांवर, डूख धरलेली देवांची राणी ज्युनो ठरवते, पण येते तिची दूती आयरिस किंवा पाताळातली अलेक्टो. साधन कोणतं: सोंग, स्वप्न, निरोप, की साप, मशाल, धुकं अशी एखादी वस्तू? देव येण्याआधीच्या वीस-पंचवीस ओळींत त्या माणसाची मनःस्थिती काय होती? देव आला हे त्याला कळलं का? आणि सगळं झाल्यावर कवी दोष कोणाच्या पदरात टाकतो? यातली तिसरी नोंद बहुतेक जण करतच नाहीत. देव आला की लक्ष त्याच्याकडेच जातं, आणि वाचन तिथेच घसरतं.

डायडोवर हे लावून पाहू. तिच्या बाबतीत देव निदान पाच वेळा मध्ये पडतात. पहिली वेळ सहसा नजरेतून सुटते. पहिल्या सर्गाच्या २९७ ते ३०४ या ओळींत देवांचा राजा ज्युपिटर आपला दूत मर्क्युरी याला कार्थेजला धाडतो, तिथल्या लोकांनी आणि विशेषतः राणीने ट्रोजनांशी मायेने वागावं म्हणून. म्हणजे ईनियसला पाहण्याआधीच तिचं मन मऊ केलं गेलंय. पण तेवढ्यावरून तिचा चांगुलपणा उसना ठरत नाही. ती स्वतः परागंदा होऊन आलेली आहे. भाऊ पिग्मेलियनने तिच्या नवऱ्याला, सिकियसला, मारलं होतं. ‘दुःख मला ठाऊक आहे, म्हणून दुःखितांना मदत करायला मी शिकते आहे,’ असं ती ईनियसला सांगते, आणि ते तिच्या आयुष्यातून आलेलं बोलणं आहे. शिवाय ईनियस समोर येताच ती थक्क होते. प्रेमाचा देव क्युपिड अजून तिथे पोचलेलाही नसतो.

दुसरी वेळ क्युपिडची. ईनियसची आई, प्रेमदेवता व्हीनस, हिला कार्थेजवर भरवसा नाही. ती ईनियसच्या मुलाला, अ‍ॅस्केनियसला, झोपवून इडेलियाच्या वनात नेऊन ठेवते आणि त्याच्या रूपात क्युपिडला मेजवानीला पाठवते. ओळी ७१७ ते ७२२ सावकाश वाचा. डायडो त्या मुलाला मांडीवर घेते. केवढा देव मांडीवर बसलाय हे त्या बिचारीला माहीत नाही, असं व्हर्जिल म्हणतो. मग क्युपिड काय करतो? बाण नाही, आगीचा लोळ नाही. तो हळूहळू तिच्या मनातून सिकियस पुसायला लागतो, आणि किती तरी दिवस निजलेल्या, प्रेमाची सवय सुटलेल्या हृदयात जिवंत प्रेम आणू पाहतो. नवरा पुसला जातोय तो थोडा थोडा, आणि कवी ‘सुरुवात करतो’, ‘प्रयत्न करतो’ अशी क्रियापदं वापरतो. चौथ्या सर्गात तीच म्हणते की जुन्या ज्वाळेच्या खुणा मला ओळखू येताहेत. तिचा शेवटचा संकोच दूर करते ती तिची बहीण अ‍ॅना. माणसानेच माणसाला दिलेला तो सल्ला, तिथे कोणी देव नाही.

तिसरी वेळ ज्युनो आणि व्हीनस यांच्या सौद्याची (चौथा सर्ग, ९० ते १२८). दोघींचे हेतू उलटे आहेत: ज्युनोला ईनियस कार्थेजमध्ये अडकवायचा आहे, व्हीनसला फक्त त्याची तात्पुरती सोय हवी आहे. शिकारीत वादळ येतं, दोघं एका गुहेत पोचतात, विजा चमकतात, वनदेवता आरोळ्या देतात. लग्नाचा सगळा देखावा ज्युनोच उभा करते. आणि मग १७२वी ओळ: डायडो याला लग्न म्हणते, आणि त्या नावाखाली आपला दोष झाकते. देवींनी आखलेल्या बेताच्या शेवटी कवी ‘दोष’ हा शब्द तिच्यासाठी वापरतो. हा निवाडा कठोर आहे आणि मला तो पटत नाही, पण तो मजकुरात आहे. देवांनी केलं म्हणून माणूस सुटला, असं व्हर्जिल मानत नाही.

चौथ्या वेळी डायडोने नाकारलेल्या शेजारच्या आयार्बास राजाच्या तक्रारीवरून ज्युपिटर मर्क्युरीला ईनियसकडे पाठवतो. मर्क्युरी दिवसाउजेडी समोर येतो आणि निरोप सुनावतो. नंतर स्वप्नात जे येतं ते मात्र ‘सर्वस्वी मर्क्युरीसारखं’ रूप आहे. कवी तिथे मुद्दाम ‘सारखं’ म्हणतो. ‘इटलीला मी स्वखुशीने निघालेलो नाही’ हे ईनियसचं वाक्य (ओळ ३६१) प्रसिद्ध आहे. त्याहून बोचणारी ४४०वी ओळ आहे. डायडोच्या विनवण्या येतात तेव्हा नियती आडवी येते आणि देव त्या माणसाचे कान बंद करतो. त्याला ऐकू येत होतं, ऐकावंसं वाटत होतं, म्हणून तर कान बंद करायची वेळ आली.

पाचवी वेळ अगदी शेवटी. मरताना तडफडणाऱ्या डायडोचा जीव सुटावा म्हणून ज्युनो आयरिसला तिची बट कापायला पाठवते. कारण ती नियतीप्रमाणेही मेली नाही आणि स्वतःच्या करणीला साजेसं मरणही तिला आलं नाही. ती ‘बिचारी, वेळेआधी’ मेली. म्हणजे व्हर्जिलच्या मते नियतीच्या बाहेर पडूनही माणूस मरू शकतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. मराठी वाचक ‘फाटुम’, म्हणजे नियती, या लॅटिन शब्दाच्या जागी नकळत प्रारब्ध किंवा कर्मफळ बसवतो. तसं वाचलं की डायडोने मागे काय पाप केलं होतं याचा शोध सुरू होतो, आणि काव्यात ते कुठेच सापडत नाही. सहाव्या सर्गात पुनर्जन्म आहे हे खरं: १,००० वर्षांनी आत्मे विस्मरणाच्या लेथी नदीचं पाणी पिऊन परत देहात येतात. पण त्याचा डायडोच्या वाट्याला आलेल्या दुःखाशी हिशेब जोडलेला नाही. ईनिडमधली नियती म्हणजे मुख्यतः एक मुक्काम: ट्रॉयचे लोक इटलीत वसणार आणि त्यांच्यातून रोम उभं राहणार. वाटेत कोण चिरडलं जाईल याची जबाबदारी ती घेत नाही.

मुक्काम पक्का, पण वेळ सैल, हे कळलं की देवांची निम्मी वागणूक उलगडते. सातव्या सर्गात ज्युनो स्पष्टच बोलते (३१३ ते ३१६): इटलीतलं लॅटियमचं राज्य मी ईनियसपासून हिरावू शकणार नाही, तिथली राजकन्या लॅव्हिनिया त्याचीच होणार, पण लांबवायला, दिरंगाई करायला मला मोकळीक आहे. आठव्या सर्गात व्हीनसचा नवरा, अग्निदेव व्हल्कन, तिला सांगतो की ट्रॉय आणखी १० वर्षं टिकायला ज्युपिटरची किंवा नियतीची आडकाठी नव्हती. दहाव्या सर्गात ज्युपिटर टर्नसच्या मृत्यूला थोडीच मुदतवाढ देतो आणि ज्युनोला बजावतो की याहून जास्त मागू नकोस. देवांचा सगळा कारभार या मोकळ्या जागेत चालतो. दुःखही सगळं तिथेच घडतं, कारण लांबणीवर टाकलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत माणसंच देतात.

खुद्द ज्युपिटरवरही फार विसंबू नये. पहिल्या सर्गात तो व्हीनसला सांगतो की ईनियस इटलीत मोठं युद्ध करील. दहाव्या सर्गाच्या सुरुवातीला देवांच्या सभेत तोच म्हणतो की इटली आणि ट्रोजन यांनी लढू नये अशी माझी आज्ञा होती. दोन्ही बोलणी एकत्र बसत नाहीत. पहिल्या वेळी तो घाबरलेल्या मुलीची समजूत घालतोय, दुसऱ्या वेळी भांडणाऱ्या सभेला दटावतोय. देवाचं कोणतंही भाषण वाचताना, तो हे कोणाला आणि कशासाठी सांगतोय, हे आधी पाहावं.

आता अलेक्टो, कारण हस्तक्षेपाचे तीन प्रकार एकाच सर्गात ओळीने दिसतात ते इथेच. स्वर्ग वळत नसेल तर पाताळ हलवीन, असं म्हणत ज्युनो तिला बोलावते. पहिली शिकार लॅव्हिनियाची आई, राणी अमाटा. अलेक्टो केसांतला साप तिच्या अंगावर टाकते. तो गळ्यात सोन्याचा हार होतो, केसांत फीत होतो, अंगभर फिरतो. पण त्याच्या अगोदर, ३४४ आणि ३४५ या ओळींत, अमाटा आधीच चिंतेने आणि रागाने होरपळत असते, कारण टर्नसशी ठरलेलं लेकीचं लग्न मोडतंय. विष चढायला वेळ लागतो. सुरुवातीला ती नवऱ्याशी हळुवार, चारचौघींसारख्या आईसारखी बोलते. तो ऐकत नाही म्हटल्यावर मगच ती बेभान होते. इथे फट उघड दिसते.

दुसरा टर्नस, आणि त्याच्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. अलेक्टो म्हाताऱ्या पुजारणीच्या, कॅलिबीच्या, सोंगात त्याच्या स्वप्नात येते. तो तिची टर उडवतो: देवळं सांभाळ आजी, युद्ध आणि तह पुरुषांवर सोड. तो रागावलेला नाही, निवांत आहे. मग ती खरं रूप दाखवते, त्याच्या छातीत मशाल खुपसते आणि तो घामाने थबथबून शस्त्रं मागत उठतो. पुढे उपमा येते ती काटक्यांच्या जाळावर उकळून उतू जाणाऱ्या कढईची. आग खालून लागली, पण कढईत पाणी होतंच, असा तिचा अर्थ अनेक जण लावतात. मला तो अर्धाच पटतो. टर्नसला युद्धाची आवड आहे हे नाकारता येत नाही. तरी या क्षणी तो शांत होता, हे व्हर्जिलने मुद्दाम दाखवलंय. ‘देव फक्त आधीचंच चेतवतात’ हा नियम इथे ताणला जातो, आणि म्हणूनच टर्नसच्या शेवटाबद्दल मनात खंत राहते.

तिसऱ्या खेपेला माणूसच नाही. अ‍ॅस्केनियसच्या शिकारी कुत्र्यांना अलेक्टो वास देते आणि ती कुत्री सिल्व्हिया या तिथल्या मुलीच्या पाळीव हरणामागे लागतात. हरीण जखमी होऊन घरी येतं, शेतकरी हाती मिळेल ते घेऊन धावतात, आणि युद्ध सुरू होतं. यानंतर अलेक्टो आणखी करू का म्हणून विचारते, तेव्हा ज्युनोच तिला थांबवते. अमाटाचा नवरा, म्हातारा लॅटिनस राजा, जेनस देवाच्या देवळाचे दरवाजे (ते उघडणं म्हणजे युद्ध पुकारणं) उघडायला नकार देतो. मग ज्युनो स्वतः खाली उतरून ते ढकलते. लॅटिनसचा नकार नीट लक्षात ठेवा. देवी जोर लावत असतानाही एखादा माणूस ‘मी करणार नाही’ म्हणू शकतो, हे त्याने दाखवलंय. फक्त त्या नकाराने युद्ध टळत नाही.

यावरून दोन टोकांची वाचनं बाद होतात. ‘माणसं निव्वळ बाहुल्या’ हे अमाटा आणि लॅटिनस यांच्यापुढे टिकत नाही. ‘देव म्हणजे फक्त मनातल्या भावनांची नावं’ हेही टिकत नाही. बाराव्या सर्गात ईनियसच्या जखमेतला बाण वैद्य आयेपिक्सला निघत नाही. व्हीनस क्रीटमधल्या इडा पर्वतावरची डिक्टॅम्नस ही वनस्पती आणून कोणाच्या नकळत पाण्यात मिसळते, आणि त्या पाण्याने जखम धुतल्यावर बाण हाताबरोबर आपोआप बाहेर येतो. हे माणसाच्या विद्येने झालेलं नाही, असं आयेपिक्स स्वतः ओरडून सांगतो. इथे कोणाच्या भावनेचा प्रश्नच नाही. दोन्ही शक्यता व्हर्जिलच्या मनात जाग्या होत्या, हे नवव्या सर्गात रात्रीच्या मोहिमेवर निघण्याआधी नायसस हा ट्रोजन योद्धा मित्राशी जे बोलतो त्यात आलंय (१८४-१८५): ही ऊर्मी देव आपल्या मनात घालतात, युरिअलस, की ज्याची त्याची अनावर इच्छाच त्याचा देव होते? त्याला कोणी उत्तर देत नाही, आणि त्या रात्रीच्या मोहिमेवर त्याला कोणी देव पाठवलेलाही नसतो.

वाचकाला दिसतं ते पात्रांना दिसत नाही, हेही सतत ध्यानात हवं. पाचव्या सर्गाच्या शेवटी निद्रादेव सुकाणूधर पॅलिन्युरसवर लेथीच्या पाण्यात भिजलेली फांदी झटकतो आणि त्याला समुद्रात ढकलतो. आपण ते पाहतो. ईनियस मात्र समजतो की शांत समुद्रावर त्याने जास्तच विश्वास टाकला. सहाव्या सर्गात पॅलिन्युरसचा आत्मा स्वतः म्हणतो की मला कोणत्याही देवाने बुडवलं नाही, सुकाणू जोराने उखडलं गेलं. समुद्र शांत होता की खवळलेला, यावरही दोन सर्गांचं एकमत नाही. इ.स.पू. १९ मध्ये व्हर्जिल गेला तेव्हा काव्यावर शेवटचा हात फिरायचा होता, अर्धवट राहिलेल्या ओळी आजही दिसतात. त्यामुळे समुद्राची विसंगती कच्च्या खर्ड्यातली असू शकते. पण ज्याला मारलं त्यालाच मारेकरी कळलेला नाही, हे मात्र व्हर्जिलच्या एकूण रीतीला धरूनच आहे. देव ओळखला जातो तो बहुधा उशिरा. व्हीनस ईनियसला शिकारी मुलीच्या रूपात भेटते आणि पाठ फिरवून निघाल्यावरच त्याला आई कळते. सिसिलीत आयरिस म्हाताऱ्या बेरोईच्या रूपात बायकांना जहाजं जाळायला चिथावते, तेव्हा पिर्गो ही दाई म्हणते की बेरोई तर आजारी आहे, मी आत्ताच तिच्याजवळून आले, ही ती नव्हे. सोंग उघडं पडलं तरी जहाजं पेटतात, कारण वर्षानुवर्षं भटकून त्या बायका थकलेल्या आहेत.

आणि ज्या ठिकाणी देव येत नाहीत ती जागा सगळ्यात मोलाची. टर्नस आणि ईनियस यांचं शेवटचं द्वंद्व चालू असतानाच ज्युनो माघार घेते: लॅटिन लोकांचं नाव, भाषा, पेहराव राहू दे, ट्रॉय संपू दे. ज्युपिटर हसून मान्य करतो. मग तो आपल्या उंबऱ्याशी बसणाऱ्या दोन दिरांपैकी, म्हणजे भीषण सूडदेवतांपैकी, एकीला धाडतो. ती लहानशा घुबडाच्या रूपात टर्नसच्या तोंडासमोर फडफडते आणि त्याचे हातपाय गळतात. पाताळातल्या भीषण शक्ती फक्त ज्युनोच वापरते, हा समज इथे मोडतो. टर्नस खाली पडतो, क्षमा मागतो, आणि ईनियसचा हात थबकतो. आत्तापर्यंत प्रत्येक वळणावर कोणी तरी देव आला. आता कोणीच येत नाही. ना मर्क्युरी, ना व्हीनस. टर्नसने मारलेल्या पॅलसचा, ईनियसच्या तरुण साथीदाराचा, पट्टा ईनियसला टर्नसच्या खांद्यावर दिसतो, तो संतापाने पेटतो आणि तलवार खुपसतो. हा निर्णय त्याचा एकट्याचा आहे. देवांवर ढकलायची सोय व्हर्जिलने काढून घेतली आहे, आणि म्हणूनच या कृत्याच्या बऱ्यावाईटपणावर वाचक आजही भांडतात.

रोमन वाचकाला यात आणखी एक पदर दिसायचा. ज्युनो ही त्याच्या दृष्टीने कार्थेजची देवी होती, आणि कार्थेज रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं होतं. व्हीनस ज्युलियन घराण्याची, म्हणजे ऑगस्टसची, मूळ माता. देवींचं भांडण हा त्याच्या लेखी स्वतःच्या शहराचा इतिहास होता.

व्हर्जिलनंतरच्या कवींकडे याच नोंदी घेऊन गेलात तर फरक लगेच जाणवतो. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये ‘आधीची मनःस्थिती’ हा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो. अ‍ॅक्टिऑन रानात वाट चुकतो, डायनाला स्नान करताना पाहतो, हरीण होतो आणि स्वतःच्याच कुत्र्यांकडून फाडला जातो; कवी आधीच सांगतो की हा दोष नशिबाचा होता, गुन्हा नव्हता. लुकनने (इ.स. ३९ ते ६५) सीझर आणि पाँपी यांच्या यादवीवर १० सर्ग लिहिले आणि ऑलिंपसचे देव पात्र म्हणून आणलेच नाहीत. त्याच्याकडे शकुन आहेत, नशीब आहे, प्रेत उठवणारी एरिक्थो आहे. फार्सालसच्या लढाईपूर्वी तो सरळ म्हणतो की ज्युपिटर राज्य करतो हे आपण खोटंच बोलतो. ज्या युद्धात नागरिकाने नागरिकाला मारलं, तिथे देवावर टाकता येईल असं काही त्याला ठेवायचंच नव्हतं. त्याच काळातल्या पेट्रोनियसच्या कादंबरीत एक कवी आग्रहाने सांगतो की यादवीचं काव्य देवांच्या करामतींशिवाय होऊच नये. म्हणजे वाद तेव्हाही ताजा होता. सिलियस इटालिकसने १७ सर्गांच्या ‘प्युनिका’त ज्युनोला पुन्हा कार्थेजच्या बाजूने, तिथला सेनापती हॅनिबल याच्या पाठीशी, उभं केलं. स्टेशियसच्या ‘थिबेड’मध्ये, ११व्या सर्गात, दोन सख्खे भाऊ एकमेकांवर चालून जातात तेव्हा ज्युपिटर देवांना नजर वळवायला सांगतो.

वेळ कमी असेल तर ईनिडचे हे तुकडे या क्रमाने वाचा: पहिला सर्ग २९७ ते ३०४ आणि ६५७ ते ७२२, चौथा ९० ते १७२ आणि ३३३ ते ४४९, सातवा २८६ ते ६२२, शेवटी बारावा ७९१ ते ९५२. अनुवाद घ्याल तो समासात मूळ ओळींचे क्रमांक दिलेला घ्या, म्हणजे देव येण्याआधीच्या त्या वीस-पंचवीस ओळी शोधत बसावं लागणार नाही.